मॅनेजरच्या केबिनमध्ये जाण्याआधी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरू लागला : 'आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळणार. मॅनेजरकडे मागा.' पहिलं वाक्य बरोबर आहे. नेमणूकपत्र, म्हणजे तुमचं काम, हुद्दा आणि पगार लिहिलेला सहीचा कागद, देणं आता बंधनकारक झालंय. गोंधळ दुसऱ्या वाक्यात आहे. कुठला मॅनेजर? बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमबागेत, एकाच शेडमधल्या पोरांना विचारा. कुणी कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरी घेणाऱ्या माणसाला मॅनेजर म्हणतो, कुणी शिफ्ट बघणाऱ्या इंजिनिअरला, कुणी मालकाच्या भाच्याला, तर कुणी ऑफिसात पगारपत्रक करणाऱ्या मॅडमना.

नोकरी शोधणाऱ्यांचं तर विचारूच नका. मच्छे ते होनगा एकेका गेटवर बायोडाटा देत फिरतात, फोन येत नाही, आणि 'आत वशिला लागतोय' असं ठरवून गप्प बसतात. मॅनेजर दिवसभर काय करतो, त्याच्या हातात काय असतं आणि काय नसतं, एवढं कळलं तरी या धडपडीतली बरीच वाचेल.

मालक नाही, पण मालकासारखा दिसतो

सरळ सांगायचं तर मॅनेजर म्हणजे दुसऱ्यांकडून काम करून घेणारा आणि त्या कामाचा जाब स्वतः देणारा माणूस. यातला दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा. काम करून घेणारे पुष्कळ असतात. मुकादमही करून घेतो, सासूही करून घेते. वर कुणाला तरी जाब द्यावा लागतो, तो मॅनेजर.

हिडकल धरणाच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना पाटकरी सांगायला नको. पाणी त्याचं नाही, धरण त्याचं नाही, ऊसही त्याचा नाही. तरी कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं ते त्याच्या हातात. वरून पाणी कमी सुटलं तर शिव्या त्यालाच. एखाद्याला पाळी मोडून पाणी दिलं तर दुसऱ्या दिवशी दहा जण त्याच्या दारात. मॅनेजरचंही तेच. पैसा मालकाचा, यंत्रं कंपनीची, माणसं आपापल्या घरची. त्याच्याकडे असतं ते वाटप, आणि त्या वाटपाचा हिशेब.

फ्रान्समधल्या एका खाण कंपनीत आयुष्य घालवलेल्या आँरी फेयॉल यांनी १९१६ मध्ये या कामाचे पाच भाग पाडले : पुढचं ठरवणं, माणसं-साधनं जुळवणं, हुकूम देणं, वेगवेगळ्या विभागांचा मेळ घालणं आणि ठरल्याप्रमाणे होतंय का ते तपासणं. शंभर वर्षांत पुस्तकं बदलली, पण ही यादी फारशी हलली नाही. मात्र पाचही कामं एकाच माणसाने केली पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही. आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे इथली जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे कारभार आणि वसाहत बघायला भाऊ रामुअण्णा होते, हिशेबाला मंगेशराव रेगे, यंत्रांना शंभूराव जांभेकर. पडेल ते काम निभावून नेणारे के. के. कुलकर्णी तर मॅट्रिक नापास होते. नुसत्या डिग्रीवर मॅनेजर होता येतं असं मानणाऱ्यांनी आणि डिग्री नाही म्हणून खचणाऱ्यांनी, दोघांनीही हे नाव लक्षात ठेवावं.

'दिवसभर नुसता हिंडतोय, काम काय करतोय?'

हा आक्षेप प्रत्येक फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, ऐकायला मिळतो, आणि वरवर बघितलं तर खोटाही वाटत नाही. मोल्डरने, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्याने, किती पेट्या भरल्या ते दिसतं. मॅनेजरने काय केलं ते दिसत नाही.

कॅनडातले अभ्यासक हेन्री मिन्ट्झबर्ग यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी एक साधी गोष्ट केली. पाच बड्या अधिकाऱ्यांच्या मागे एकेक आठवडा बसून ते खरंच काय करतात ते टिपून ठेवलं. शांतपणे विचार करून योजना आखणारा साहेब त्यांना सापडलाच नाही. निम्म्या कामांना नऊ मिनिटंसुद्धा मिळत नव्हती. तासाभरापेक्षा जास्त वेळ चाललेली कामं दहातलं एक. बाकी सगळं फोन, दारात उभी माणसं, मध्येच आलेला कागद.

आपल्याकडची एक सकाळ बघा. शिफ्ट सुरू झाली आणि मोल्डिंगचे दोघे आले नाहीत. एकाच्या घरी पाहुणे, दुसऱ्याचा फोन बंद. साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करणाऱ्या कोअर शॉपमधला एक माणूस तिकडे हलवायचा, तर कोअरवाला सुपरवायझर तोंड वाकडं करतो. भट्टीत माल वितळत असताना हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाइन गेली. आता धातू थंड व्हायच्या आत काय करायचं ते लगेच सांगायचं. पुण्याहून गिऱ्हाइकाचा फोन : मागच्या लॉटमध्ये मशिनिंग केल्यावर ब्लो होल (हवेची भोकं) निघालेत, माल परत पाठवतोय. अकाउंट्समधून विचारणा : गेल्या महिन्यात ओव्हरटाइम एवढा कसा? वाळूचा ट्रक गेटवर उभा आहे आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. नेमक्या त्याच वेळी तुम्ही दार ढकलून म्हणता, 'साहेब, जरा बोलायचं होतं.'

त्याने 'नंतर या' म्हटलं तर त्यात तुमचा अपमान नसतो. तुमच्या वाट्याला ती नऊ मिनिटं आली नाहीत, एवढंच. म्हणून शिफ्टचा पहिला तास आणि महिनाअखेरीचे डिस्पॅचचे दिवस टाळावेत. जेवणानंतरची वेळ बहुधा बरी. त्याहून चांगलं म्हणजे आदल्या दिवशीच विचारून ठेवणं : 'सर, उद्या पाच मिनिटं पाहिजे होती, रजेचं बोलायचंय.' विषय आधी कळला की तो मनात हिशेब करून ठेवतो. विषय न सांगता 'बोलायचंय' म्हटलं की त्याला पहिली शंका येते ती राजीनाम्याची, आणि मग तो तुम्हालाच टाळतो.

त्याचा 'हो' किती लांब पोचतो?

प्रत्येक मॅनेजरला अधिकाराची मर्यादा असते. किती दिवसांची रजा तो स्वतः देऊ शकतो, किती रुपयांपर्यंतची खरेदी मंजूर करू शकतो, माणूस घेऊ शकतो की फक्त शिफारस करू शकतो, हे ठरलेलं असतं. मोठ्या कंपनीत ते लिहून ठेवलेलं असतं. छोट्या शेडमध्ये मालकाच्या मनात असतं आणि दर आठवड्याला बदलतं.

त्या मर्यादेपलीकडचं काहीही मागितलं तर मॅनेजरला ते वर न्यावं लागतं, आणि वर त्याला विचारतात, 'का म्हणून?' तुम्ही मागितलेल्या गोष्टीला तो वर काय कारण सांगणार, हे तुम्हीच त्याच्या हातात दिलं असेल तर काम सोपं होतं. नाहीतर तो माणूस कितीही भला असला तरी 'बघू' म्हणून विषय संपवतो. माझ्या मते मॅनेजरकडे जाण्याची सगळी कला एवढ्यात आली. पुढची उदाहरणं याच एका गोष्टीची आहेत.

ठिकाणाप्रमाणे ही मर्यादा किती वेगळी असते ते आधी बघू. सरकारी बँकेच्या शाखेत बायोडाटा घेऊन गेलात तर तिथला मॅनेजर कितीही ओळखीचा असला तरी क्लार्क किंवा ऑफिसर म्हणून तुम्हाला घेऊ शकत नाही. ती भरती परीक्षेतून होते. गावच्या पतसंस्थेत मॅनेजर असतो, पण नोकरभरतीचा विषय संचालक मंडळाच्या बैठकीत जातो. साखर कारखान्यात चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट, शेती अधिकारी अशी खाती वेगळी. हंगामी माणसं लागतात ती गाळपाच्या तोंडावर. ऐन जानेवारीत, बॉयलर धडाडत असताना, फिटरची नोकरी मागायला गेलात तर कुणी वर बघणारही नाही. पावसाळा संपताना गेलात तर निदान नाव तरी लिहून घेतील. आणि उद्यमबागेतल्या दहा-पंधरा माणसांच्या मशीन शॉपमध्ये मॅनेजर, मालक, खरेदी अधिकारी आणि कधीकधी ड्रायव्हरसुद्धा एकच माणूस असतो. तिथे 'एच.आर. कुठे आहेत?' असं विचारलं तर पोरं हसतात. (एच.आर. म्हणजे भरती, हजेरी, पगार आणि माणसांचे कागद बघणारं खातं. पूर्वी याला पर्सोनेल म्हणत.)

'साहेब, कसलं पण काम चालतंय'

नोकरी मागायला आलेल्या पोरांच्या तोंडी हे वाक्य फार. बिचाऱ्याला वाटतं, आपण नम्रपणे बोललो. मॅनेजरच्या कानाला मात्र ते वेगळं लागतं : याला काय येतं ते यालाच माहीत नाही, आता ते मी शोधायचं. त्याला तेवढा वेळ नसतो. शिवाय कसलंही काम करणारा माणूस दोन महिन्यांत पाचशे रुपये जास्त मिळाले की शेजारच्या गेटवर जातो, हा त्याचा अनुभव असतो.

माणूस घेताना मॅनेजरच्या पोटात भीती असते, ती एवढीच : हा टिकला नाही तर? शिकवण्यात गेलेला वेळ, खराब झालेला माल, पुन्हा शोधाशोध, आणि वर मालकाचं 'तूच घेतला होतास की त्याला.' ही भीती कमी करणारा माणूस नोकरी मिळवतो. खानापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात बसून ऐकलेलं संभाषण देतो. आलेला मुलगा आय.टी.आय. टर्नर, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सी.एन.सी. लेथचा एक वर्षाचा अनुभव.

'काय येतं?'

'सर, सी.एन.सी. टर्निंगवर एक वर्ष काढलंय. ऑफसेट घालतो, व्हर्नियर-मायक्रोमीटर येतंय. ड्रॉइंग वाचता येतं. प्रोग्रॅम स्वतः नाही करत अजून, केलेला चालवतो.'

'आधीची का सोडली?'

'काम कमी झालं सर, तीनच दिवस बोलवायला लागले. तिथल्या सुपरवायझरांना विचारून सोडली, त्यांचा नंबर देतो.'

'नाईट जमंल?'

'येळ्ळूरहून येतोय, गाडी हाय. जमतंय की.'

दोन मिनिटं लागली नाहीत. त्याने काय येतं ते सांगितलं, काय येत नाही तेही सांगितलं, आणि न विचारता पुरावा दिला. प्रोग्रॅम येत नाही हे त्याने लपवलं असतं तर पहिल्याच दिवशी मशीनवर कळलं असतं. मॅनेजरला वर सांगायला आयतं वाक्य मिळालं : 'वर्षभर चालवलेला आहे, नाईटला येतो, जुन्या ठिकाणी चौकशी केली.' मुलगा सोमवारी कामाला लागला.

बायोडाटा एका पानाचा पुरतो. 'माझे ध्येय एका नामांकित संस्थेत प्रगती करणे' ही ओळ, आई-वडिलांचे व्यवसाय, छंद-वाचन हे सगळं काढलं तरी चालतं. त्या जागी कुठली मशीन, कुठलं सॉफ्टवेअर, किती महिने, कोणत्या ठिकाणी हे लिहा. गेटवरच्या वॉचमनमामांशी नीट बोला. कुठल्या खात्यात माणूस पाहिजे हे त्यांना पुष्कळदा एच.आर.च्या आधी कळलेलं असतं. पदवीधरांच्या मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं विचारतात, तेव्हा 'काही नाही सर' म्हणून उठू नये. 'पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय झालं पाहिजे?' असं विचारा. मॅनेजरच्या डोक्यातला खरा प्रश्न तोच असतो, आणि त्याच्या उत्तरावरून ती नोकरी घ्यावी की नाही हे तुम्हालाही कळतं.

पगाराचं बोलताना एक शब्द कानावर येईल : सी.टी.सी. म्हणजे कंपनीला तुमच्यामागे वर्षाला येणारा एकूण खर्च. त्यात कंपनीने भरायचा प्रॉव्हिडंट फंडही धरलेला असू शकतो. म्हणून आकडा ऐकून खूश होण्याआधी 'हातात किती येणार, सर?' हे विचारून घ्या. ते विचारण्यात कसलीही आगाऊपणाची गोष्ट नाही.

आणि नोकरी देतो म्हणून पैसे मागणारा माणूस मॅनेजर नसतो. 'रजिस्ट्रेशन'चे, 'युनिफॉर्म'चे, 'मेडिकल'चे पैसे आधी फोनवर पाठवायला सांगितले की तिथेच थांबायचं.

'ओळखीशिवाय काही होत नाही'

हे निम्मं खरं आहे. ओळखीने माणूस घेतात. त्याचं कारण मात्र दरवेळी लाच किंवा जातगोत नसतं. एखादा जुना मोल्डर 'आमच्या गल्लीतला हाय, सरळ पोरगा' म्हणतो, तेव्हा मॅनेजरची ती टिकण्याची भीती कमी होते, कारण पोरगा पळून गेला तर मोल्डरला मान खाली घालावी लागणार. मॅनेजरला यात फुकटात एक हमीदार मिळतो.

ओळख नसणाऱ्याने हमीदार तयार करायचा. आय.टी.आय.चे इन्स्ट्रक्टर, कॉलेजातले प्रोजेक्ट गाईड, ॲप्रेंटिस असतानाचा सुपरवायझर, ज्याच्या वर्कशॉपमध्ये सुट्टीत काम केलं तो मालक. 'यांना विचारा' म्हणायला एक नाव आणि एक नंबर पुरतो. आधी त्यांची परवानगी घ्या म्हणजे झालं.

आमदार-नगरसेवकांची चिठ्ठी नेणाऱ्यांबद्दल मला थोडं वेगळं सांगायचंय. चिठ्ठीने माणूस आत जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याला कामावर घेणारा मॅनेजर त्याच दिवसापासून त्याच्यावर खार खाऊन असतो. आपल्या माथी मारलेल्या माणसाला चांगलं काम कोण देईल?

भाषेचं काय?

सीमाभागात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खाजगी उद्योगांतल्या स्थानिक भरतीचं एक विधेयक मंजूर केलं होतं. व्यवस्थापनातल्या ५० टक्के आणि बाकीच्या ७० टक्के जागा स्थानिकांना, अशी ती योजना. स्थानिक म्हणजे कर्नाटकात जन्मलेला, १५ वर्षं राहिलेला आणि कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणारा. दहावीला कन्नड नसेल तर भाषेची परीक्षा. उद्योगांकडून ओरड झाल्यावर काही दिवसांतच ते थांबवण्यात आलं. त्यामुळे 'आता मराठी माणसाला कंपनीत घेणारच नाहीत' हा त्या वेळी फिरलेला निरोप ना तेव्हा खरा होता, ना त्या विधेयकात तसं लिहिलं होतं. या मातीत जन्मलेला, कन्नड येणारा मराठी माणूस त्या व्याख्येतही स्थानिकच ठरला असता.

कारखान्याच्या आत चित्र वेगळं असतं. मराठी, कन्नड, हिंदी आणि थोडी इंग्रजी, सगळी एकाच वाक्यात. मॅनेजर धारवाडकडचा असला तर 'सर, स्वल्प स्वल्प बर्तैत्री' (थोडं थोडं येतंय) एवढं म्हणून सुरुवात करावी. पुढे तोच सांभाळून घेतो. कन्नड बोलण्यापुरतं शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने आपलं मराठीपण कमी होत नाही, आणि सरकारी खात्याचं पत्र वाचता येणारा माणूस ऑफिसात लवकर वर जातो. उलट बाजूने, पुणे-कोल्हापूरच्या गिऱ्हाइकांशी आणि सप्लायरशी मराठीत बोलता येणं ही बेळगावातल्या कारखान्यांना रोज लागणारी गोष्ट आहे. खरेदी, विक्री, डिस्पॅच अशा जागांच्या मुलाखतीत ती मोकळेपणाने सांगा. पोरं नेमकी हीच गोष्ट दडवतात.

रजा, वाढ आणि वाईट बातमी

रजेचं उदाहरण घेऊ. समजा मोल्डिंगला बारा माणसं आहेत आणि दहा असली तरच लाइन चालते. नोव्हेंबरात भात कापणीला आलं की त्यातल्या सहा जणांना सुगीला जायचं असतं. त्यात कुणाच्या गावची महालक्ष्मीची जत्रा, जी बऱ्याच वर्षांनी एकदा येते. मॅनेजरला फक्त दोघांना सोडता येतं. कुणाला सोडेल? ज्याने आधी सांगितलं, आणि जो आपल्या जागी कोण उभा राहणार हेही सांगून आला, त्याला. 'बारा ते पंधरा तारीख मला रजा लागतेय; परशा माझी शिफ्ट करतोय, त्याला पुढच्या आठवड्यात मी बदली देतो' असं म्हटलं की मॅनेजरने फक्त मान हलवायची असते. कापणीच्या आदल्या रात्री 'उद्या येत नाही' असा मेसेज टाकणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचीही गरज तेवढीच खरी असते, पण त्याला मदत करायला मॅनेजरकडे जागाच उरलेली नसते.

हक्काची रजा हा मेहेरबानीचा विषय नाही, हेही इथेच सांगायला हवं. नव्या संहितेप्रमाणे वर्षात १८० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते. पूर्वी त्यासाठी २४० दिवस भरावे लागत. कधी घ्यायची यावर मॅनेजरशी बोलणं होऊ शकतं. मिळणार की नाही यावर नाही. जुन्या कारखाने कायद्यात पंधरा दिवस आधी मॅनेजरला लेखी अर्ज द्यायची तरतूद होती. सवय म्हणून ती आजही चांगली.

पगारवाढ मागताना बहुतेक जण घरच्या अडचणी सांगतात : बहिणीचं लग्न, हप्ता, आजारपण. मॅनेजरला वाईट वाटतं, खरंच वाटतं, पण वर जाऊन तो काय सांगणार? बहिणीचं लग्न प्रत्येकाच्याच घरी आहे. त्याऐवजी वर्षात काय बदललं ते सांगा : आधी एक मशीन चालवत होतो, आता दोन, रिजेक्शन कमी आलंय, नव्या दोन पोरांना मीच शिकवलं. आणि हे याद्या तयार व्हायच्या आधी बोला. बऱ्याच ठिकाणी एप्रिलला वाढ होते, म्हणजे नावं फेब्रुवारी-मार्चमध्येच लागतात. एप्रिलचा पगार हातात आल्यावर रुसून बसणाऱ्याला पुढचं वर्ष वाट बघावी लागते.

वाईट बातमी मात्र लगेच सांगायची. लॉट खराब गेला, माप चुकलं, टूल तुटलं, माल उशिरा जाणार. मॅनेजर चिडतो ते चुकीवर कमी आणि ती गिऱ्हाइकाकडून कळल्यावर जास्त, कारण मग वर जाब देताना त्याच्याकडे उत्तर नसतं.

मॅनेजरच चुकीचा असेल तर?

असतात की. शिव्या देणारे, मर्जीतल्यांना ओव्हरटाइम वाटणारे, सहीसाठी आठवडा घालवणारे. 'थेट मालकालाच भेटतो' हा पहिला विचार मनात येतो. छोट्या शेडमध्ये तो चालतो. मोठ्या ठिकाणी मालक बहुधा त्याच मॅनेजरला बोलावून विचारतात आणि तुम्ही दोघांच्या मधे सापडता. आधी मॅनेजरलाच लेखी द्या, तारीख घालून, तीन-चार ओळींत : काय झालं, कधी झालं, काय पाहिजे. कागद झाला की 'मला कुणी सांगितलंच नाही' हे वाक्य बंद होतं.

वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असली पाहिजे, असं नवी औद्योगिक संबंध संहिता सांगते. तीत मालकाची आणि कामगारांची माणसं सारखीच असतात, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत. घटनेपासून वर्षाच्या आत अर्ज करता येतो आणि समितीने ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने वेगळी अंतर्गत समिती आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी. ती तक्रार मॅनेजरमार्फत जायची काहीच गरज नाही.

कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांनी एक फरक लक्षात घ्यावा. तुम्हाला काम सांगणारा मॅनेजर कंपनीचा असतो, पण नेमणूक करणारा कॉन्ट्रॅक्टर असतो. सुरुवातीच्या त्या व्हॉट्सॲप निरोपाचं उत्तर हेच : नेमणूकपत्र कॉन्ट्रॅक्टरकडे मागायचं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा, आणि कॉन्ट्रॅक्टरने तो बुडवला तर कंपनीची जबाबदारी येते. तेव्हा 'तो आमचा माणूस नाही' असं कंपनीचा मॅनेजर म्हणाला, तर पगारापुरतं तरी ते म्हणणं टिकत नाही.

खुर्ची मिळाली म्हणजे मॅनेजर झालात का?

बारा वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला एक दिवस 'असिस्टंट मॅनेजर' करतात, पेढे वाटले जातात, आणि महिन्याभराने कळतं की ओव्हरटाइम बंद झाला. कायद्याच्या भाषेत 'कामगार' असेल त्याला जादा कामाचा दुप्पट दर आणि इतर संरक्षण मिळतं. व्यवस्थापन करणाऱ्याला ते मिळत नाही. सुपरवायझर मधल्या जागी असतो : नव्या संहितेत महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगाराचा सुपरवायझर कामगारांतून बाहेर जातो. पण कोर्टं पाटीवरचं नाव बघत नाहीत, हातातलं काम बघतात. दिवसभर मशीनच चालवत असाल, कुणाची रजा मंजूर करायचा, कुणाला कामावर घ्यायचा अधिकार नसेल, तर नुसत्या हुद्द्याने तुम्ही मॅनेजर ठरत नाही. बढतीचं पत्र हातात घेताना विचारावं : अधिकार कुठले, आणि ओव्हरटाइमचं काय?

नोकरी सोडताना

गोव्यात वेर्ण्याला जास्त मिळतात, कागलला मित्र आहे, अशी कारणं असतात आणि पोरं पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून यायचीच बंद होतात. मग अनुभवाचं पत्र मागायला जायची लाज वाटते, आणि पुढच्या ठिकाणी तो काळ कोराच राहतो. नोटिशीचे दिवस नेमणूकपत्रात लिहिलेले असतात. तेवढे भरावेत, निदान मॅनेजरशी बोलून कमी करून घ्यावेत. त्याला खरं कारण सांगितलं तर बहुतेक जण अडवत नाहीत. प्रॉव्हिडंट फंडाचा यू.ए.एन. नंबर, म्हणजे तुमचा कायमचा खाते क्रमांक, तोच राहतो, नव्या ठिकाणी तोच द्यायचा, दुसरा काढायचा नाही.

राजीनामा दिलेल्या माणसाची राहिलेली मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यायची असं नवी वेतन संहिता सांगते. पूर्वी 'पुढच्या महिन्यात या' असं महिनोन्‌महिने चालायचं. म्हणून राजीनाम्याच्या दोन प्रती काढा, आणि दुसरीवर मॅनेजरची किंवा ऑफिसची पोच, तारखेसकट, घेऊनच बाहेर पडा.